संसाराचा खर्च : कात्री नेमकी कोठे लावावी?

महागाईची झळ लागू लागली की घरोघरी खर्चाला कात्री लावण्याची भाषा सुरू होते. ही कात्री प्रत्यक्षात कोठे चालते हे पाहिले म्हणजे मात्र चिंता वाटू लागते. प्रथम रतिबाचे दूध अर्ध्या लिटरने कमी होते. मग फळे बंद होतात, आमटी पातळ होते, अंडी आठवड्यातून एकदाच दिसतात. एवढ्यानेही भागले नाही तर घरातील गृहिणी कोणाला न सांगता आपले वाढून घेणे कमी करते. सर्वांची जेवणे आटोपल्यावर भांड्यात उरेल त्यावर भागविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ओढगस्तीच्या दिवसांत ती अधिक कठोर होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि ती सर्वच गरिबीत सापडतील असे नाही. परंतु जेथे निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत, तेथे काटकसरीचा प्रारंभ ताटापासून करणे हा शेवटी तोट्याचाच व्यवहार ठरतो. आज वाचविलेले दुधाचे पैसे उद्या औषधाच्या दुकानात मोजावे लागतात.

यास्तव ताटाला हात न लावता संसाराचा खर्च कोठे व किती कमी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पैसा जातो कोठे?

केंद्र शासनाच्या सांख्यिकी यंत्रणेने ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या वर्षभरात कुटुंबांच्या खर्चाची देशव्यापी पाहणी केली. ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये असल्याचे तीत दिसून आले. ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के भाग खाद्यपदार्थांवर जातो. येथवर आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. तृणधान्यांवर, म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी इत्यादींवर होणारा खर्च ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या ५ टक्के व शहरात ४ टक्क्यांहूनही कमी आहे. याउलट चहा-कॉफीसारखी पेये, फराळाचे तयार जिन्नस, पाकिटबंद पदार्थ व बाहेरचे खाणे या सदराखाली ग्रामीण भागात जवळजवळ १० टक्के व शहरी भागात ११ टक्के रक्कम खर्ची पडते.

घरची पोळी-भाकरी महाग झाली म्हणून आपण कुरकुर करतो. पण तिच्या दुपटीहून अधिक पैसा किरकोळ खाऊ, शीतपेये व टपरीवरील खाण्यात जातो, असा याचा सरळ अर्थ आहे. स्वस्तातला तांदूळ आणून किंवा डाळीत पाणी वाढवून हाती लागणारी बचत म्हणूनच फार थोडी असते. जेथे पैसा मोठ्या प्रमाणावर व नकळत झिरपतो तेथे बांध घालावयास हवा.

झिरपण्याची जागा सापडण्यास जमाखर्चाच्या वहीसारखे दुसरे साधन नाही. पूर्वी पगार हाती पडला की तो निरनिराळ्या डब्यांत वाटून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत होती. किराण्याचा डबा, भाड्याचा डबा, मुलांच्या फीचा डबा. डबा रिकामा झाला की खर्च थांबे. मोबाइलवरून पैसे चुकते करण्याची सोय झाल्यापासून नोटा हातातून जाताना दिसत नाहीत व त्यामुळे खर्च झाल्याची जाणीवही होत नाही. मात्र त्याच मोबाइलमध्ये महिन्याच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद आयती मिळते, हा फायदा थोडा नव्हे. एक महिना, अगदी एकच महिना, ही यादी व रोख खर्चाची टिपणे एका वहीत उतरवून काढावीत. शंभर रुपयांच्या आतील खर्चाची बेरीज स्वतंत्र मांडावी. ही बेरीज पाहून घरातील वडीलधारी माणसे थक्क होतात, असा अनुभव आहे. मोठ्या खरेदीच्या वेळी चार दुकाने हिंडणारा गृहस्थ पाच-दहा रुपयांच्या खर्चाकडे ढुंकूनही पाहत नाही.

चुलीतील जळती बचत

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. हा सिलिंडर आपल्या घरी नेमका किती दिवस पुरतो, हे फार थोड्या कुटुंबांना सांगता येईल. नवा सिलिंडर जोडताच त्याची तारीख स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर टिपून ठेवावी. समजा, तो ४० दिवस पुरतो. याचा अर्थ रोज सुमारे ३५५ ग्रॅम वायू जळतो व वर्षाला नऊहून अधिक सिलिंडर लागतात. हाच सिलिंडर ४८ दिवस पुरविता आला तर वर्षाला साडेसात-पावणेआठ सिलिंडरांत भागते. म्हणजे एका पदार्थालाही फाटा न देता वर्षाकाठी दीड सिलिंडर वाचतो.

हे कसे साधावयाचे? त्यासाठी पाण्याचा एक साधा धर्म ध्यानात ठेवला की पुरे. पाणी एकदा उकळू लागले की त्याचे तापमान समुद्रसपाटीवर १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. खाली ज्योत कितीही मोठी केली तरी पाणी अधिक तापत नाही. वाफ तेवढी अधिक होते. डाळ शिजते ती तापमानामुळे, खळखळण्यामुळे नव्हे. म्हणून उकळी फुटताच ज्योत बारीक करावी व झाकण ठेवावे. झाकण नसलेल्या पातेल्यातून वाफेबरोबर बाहेर पडणारी उष्णता ही विकत घेतलेली उष्णता असते. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाण्याचे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते व त्यामुळे तूर, हरभरा, राजमा यांसारखी टणक कडधान्ये लवकर शिजतात. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची आपल्याकडे सर्वत्र चाल आहे. वास्तविक पहिली शिट्टी होताच ज्योत मंद करून ठरावीक मिनिटे थांबणे हीच योग्य रीत होय. प्रत्येक जादा शिट्टीबरोबर वाफ, आणि वाफेबरोबर पैसा बाहेर जातो. वरण, भात आणि बटाटे किंवा एखादी भाजी अशी तीन भांडी एकावर एक रचून एकाच वेळी शिजविणाऱ्या आपल्या आज्या-आयांना उष्मागतिकीचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांचा व्यवहार शास्त्रशुद्धच होता.

डाळ तासभर आणि अख्खी कडधान्ये रात्रभर भिजविल्याने इंधन वाचते, हे सर्वांना माहीत असूनही सकाळच्या घाईत ते राहून जाते. रात्री झाकपाक करताना उद्याचे कडधान्य पाण्यात टाकण्याची सवय लावून घेतली तर हा प्रश्न उरत नाही. फ्रीजमधून काढलेले दूध किंवा भिजवलेले पीठ लगेच शेगडीवर न आणता थोडा वेळ बाहेर ठेवावे. पसरट व सपाट बुडाचे भांडे घ्यावे. ज्योत भांड्याच्या कडेबाहेर येत असेल तर ती भांडे तापवीत नसून स्वयंपाकघर तापवीत आहे असे समजावे. नव्या, चांगल्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता भारतीय मानकानुसार किमान ६८ टक्के असावी लागते. म्हणजे उत्तम शेगडीतही जवळजवळ एकतृतीयांश उष्णता वाया जाऊ शकते. मग काजळी धरलेल्या, छिद्रे बुजलेल्या बर्नरची गोष्टच नको. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली किंवा भांड्याचे बूड काळे पडू लागले की बर्नर साफ करण्याची वेळ झाली. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था (पी.सी.आर.ए.) १९७८ मध्ये स्थापन झाल्यापासून नेमक्या याच साध्या गोष्टींचा प्रचार करीत आली आहे.

आणखी एक युक्ती सांगण्याजोगी आहे. भात किंवा उसळ पाच-दहा मिनिटे चांगली उकळू द्यावी, पातेल्यावर घट्ट झाकण ठेवावे आणि ते पातेले पेंढा किंवा भुसा भरलेल्या खोक्यात, तेही नसल्यास जुन्या गोधडीत चहूबाजूंनी गुंडाळून ठेवावे. आतील उष्णता बाहेर न पडल्यामुळे उरलेले शिजणे इंधनावाचून पुरे होते. वेळ अधिक लागतो हे खरे. पण त्या वेळात शेगडीपाशी उभे राहावे लागत नाही. सकाळी कामावर जाणाऱ्या स्त्रीला हा लाभ इंधनाच्या बचतीइतकाच मोलाचा वाटेल. असे झाकून ठेवलेले अन्न कोमट होईपर्यंत मात्र ठेवू नये, गरम असतानाच खावे.

ज्या घरात अद्याप लाकूडफाटा जळतो तेथे इंधन फुकट आहे असा समज असतो. हा समज हिशेबाला धरून नाही. मोळीसाठी स्त्रियांची जी पायपीट होते व डोळ्यांत-छातीत जो धूर जातो, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, एवढेच.

विजेचे गणित

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. एवढे एकच सूत्र ध्यानात ठेवले तर वीजबिल घरच्या घरी तपासता येते. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास लागला तर महिन्याला नऊ युनिटे लागतात. त्याच उजेडासाठी नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने 'उजाला' योजना सुरू केल्यानंतर हे दिवे घरोघर पोहोचले व त्यांच्या किमतीही उतरल्या. दिव्यांची बाजू आता बहुतेक घरांत मार्गी लागली आहे.

पंख्याची तशी नाही. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. तो दिवसाला बारा तास फिरला तर महिन्याचे २७ युनिट होतात. नव्या बीएलडीसी पद्धतीच्या पंख्याला साधारणतः ३० वॅट पुरतात. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यासाठी ११ युनिटांहूनही कमी. किंमत अधिक असल्यामुळे सर्व पंखे एकदम बदलण्याची घाई करू नये. रात्रंदिवस फिरणारा पंखा आधी बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्यावा. पंखा, फ्रीज किंवा वातानुकूलन यंत्र खरेदी करताना किमतीच्या चिठ्ठीबरोबर ताऱ्यांची चिठ्ठीही वाचावी. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ही तारांकित चिठ्ठी २००६ पासून प्रचारात आली. तिच्यावर नुसते तारे नसतात, वर्षाला किती युनिटे लागतील तेही छापलेले असते, आणि खरी माहिती त्या आकड्यातच असते.

परंतु मध्यमवर्गीय घरात वीज खाणारे खरे उपकरण न्हाणीघरात दडलेले आहे. वीस लिटर पाणी २० अंशांनी तापविण्यास सुमारे अर्धे युनिट वीज लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे. कोणत्याही कंपनीचा गीझर त्यात सूट देऊ शकत नाही. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर दिवसाला दोन आणि महिन्याला साठ युनिटे नुसत्या आंघोळीच्या पाण्यावर खर्ची पडतात. पूर्वी तांब्याच्या बंबात ढलप्या, नारळाच्या करवंट्या व झाडांचा पालापाचोळा जाळून हेच काम होत असे. बंब आता शहरात परत येणार नाही. पण चैत्र-वैशाखात गीझरला विश्रांती देणे, एकामागून एक आंघोळी उरकणे आणि पाणी कढत तापवून मग त्यात गार पाणी ओतण्याऐवजी हवे तेवढेच तापविणे कोणालाही जमण्यासारखे आहे. स्वतःचे छप्पर असणाऱ्यांनी सौर जलतापकाचा अवश्य विचार करावा. महाराष्ट्रात पावसाळा वगळता ऊन मुबलक आहे.

फ्रीज चोवीस तास सुरू असतो, म्हणून त्याच्या दाराचे रबर मधूनमधून तपासावे. दार लावताना फटीत कागदाचा कपटा धरावा. तो ओढताच सहज निघून आला तर रबर ढिले झाले असून गारवा बाहेर जातो आहे. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नये. कपड्यांना इस्त्री रोज एकेक करण्यापेक्षा आठवड्याची एकदम करावी, कारण प्रत्येक वेळी इस्त्री नव्याने तापविण्यात वीज जाते.

वीजदराच्या टप्प्यांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिटे स्वस्त असून १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांना बराच अधिक दर लागतो. शंभरच्या वर एक युनिट गेले की सगळेच बिल वरच्या दराने येते, असे अनेकजण मानतात. वस्तुतः वरचा दर वरच्या युनिटांपुरताच लागतो. मात्र याचीच दुसरी बाजू अशी की, बचतीमुळे कमी होणारी युनिटे ही नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातील असतात. दीडशे युनिटे वापरणाऱ्या घराने तीस युनिटे वाचविली तर ती महाग तीस युनिटे वाचतात. पंख्याचे व बादलीचे गणित म्हणूनच करण्यासारखे आहे.

बाजारात डोळे उघडे ठेवून

पाकीट मोठे तेवढा माल स्वस्त, हा नियम सर्वकाळ खरा नसतो. शाम्पूसारख्या काही वस्तूंत छोट्या पुडीतला माल बाटलीतल्या मालापेक्षा स्वस्त पडल्याचे हिशेबाअंती दिसते. चहा, साबणचुरा, मसाले यांत बहुधा उलटे असते. अंदाजावर न जाता एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव काढावा. वैधमापन नियमांतील दुरुस्तीमुळे पाकिटावर कमाल किरकोळ किमतीबरोबर हा एककाचा भावही छापावा लागतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी भागाकार करण्याचीही गरज राहिलेली नाही. बारीक अक्षरांमुळे वाचण्यास चष्मा लागेल, तो मात्र बरोबर न्यावा.

खाद्यतेलाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे एक लिटर तेलाचे वजन एक किलो भरत नाही, ते सुमारे ९१० ग्रॅम भरते. घाण्यावरचे तेल किलोने मिळते आणि दुकानातील पिशवी लिटरने. या दोहोंच्या किमती सरळ शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत ठरलेली. शिवाय ठरावीक आकारमानाचीच पाकिटे काढण्याचे बंधन आता राहिले नसल्यामुळे लिटरच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी प्रत्यक्षात त्याहून कमी वजनाची असू शकते. पाकिटाचा भाव न वाढता आतला माल घटणे हीदेखील भाववाढच होय. वजनमापात फसवणूक झाली अथवा छापील किमतीहून अधिक पैसे मागितले तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

वर्षाची बेगमी करण्याची आपली जुनी पद्धत अजूनही लाभाची आहे. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, गहू व हरभरा त्यानंतर बाजारात येतो. मिरची, हळद, चिंच, आमसूल यांचेही आपापले हंगाम आहेत. आवक वाढली की भाव उतरतात व मालही ताजा मिळतो. तांदूळ जुना घ्यावा. तो फुगतो व भात मोकळा होतो. धान्य कडक उन्हात वाळवून, दाण्याचा दाताखाली कट् आवाज होईल इतके कोरडे झाल्यावर, गार करून मगच डब्यात भरावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावावा. गोदामासाठी असलेल्या विषारी गोळ्या मात्र घरातील धान्यात चुकूनही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. चार रुपयांचे धान्य राखण्यासाठी असा धोका कोणी पत्करू नये.

अर्थात बेगमीचा हा सल्ला हाती एकरकमी पैसा असणाऱ्यांना शोभतो, हे नमूद करणे आवश्यक आहे. रोजंदारीवर पोट असलेले कुटुंब पावशेर डाळ, दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापूड अशी रोज खरेदी करते, आणि तीच डाळ, तोच चहा त्यास सुस्थित शेजाऱ्यापेक्षा महाग पडतो. गरिबाला उधळपट्टीबद्दल उपदेश करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. काटकसरीचे बहुतेक उपाय थोड्या भांडवलावाचून चालत नाहीत.

यावर एकत्र खरेदी हा एक उपाय आहे. १९७२ मध्ये मुंबईत भाववाढीविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने वेगळी वाट धरली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याच्या गरजेची एकत्र यादी द्यावी व घाऊक खरेदी केलेला माल आपापसांत वाटून घ्यावा, अशी तिची वितरणाची रीत. ग्रामीण भागात हेच काम बचत गट करू शकतात. कार्यालयीन कामानिमित्त एका तालुक्याच्या गावी अशा गटाच्या बैठकीस उपस्थित राहण्याचा योग आला होता. गटातील स्त्रियांनी सुगीच्या दिवसांत तुरीची पोती एकत्र खरेदी करून गावातल्याच गिरणीवर डाळ करून घेतली होती. डाळ स्वस्त पडली हे तर झालेच. चुणी जनावरांना मिळाली, ती वेगळीच. पैसे गटाच्या बचतीतून उचलले होते व ते चार हप्त्यांत फिटले. एकटीला जे साधत नव्हते ते बाराजणींना मिळून साधले.

खाऊचे पाच रुपये

पाकिटबंद खाऊविषयी वर उल्लेख आलाच आहे. दोन मुलांना रोज पाच रुपयांचे एकेक पाकीट घेऊन दिले तर महिन्याचे तीनशे रुपये होतात. सात रुपयांना एक अंडे धरले तरी एवढ्या पैशांत चाळीसहून अधिक अंडी येतात. अंडी न खाणाऱ्या घरात शेंगदाणे, गूळ, भाजके चणे यांचे डबे भरून निघतात. मुले हट्ट करतात हे मान्य, आणि शाळेच्या वाटेवरच्या दुकानापुढे आईबापांचे काही चालत नाही हेही मान्य. म्हणून खाऊ एकदम बंद न करता आठवड्यातून एक वार ठरवून द्यावा. इतर दिवशी दप्तरात मोड आलेल्या मटकीची उसळ, नाचणीचा लाडू, दाण्याची चिक्की असे काही असले की भूक दुकानापर्यंत टिकत नाही. मोड आणलेली कडधान्ये, शेवग्याचा व राजगिऱ्याचा पाला, हुलगे, नाचणी हे गरिबाघरचे म्हणून नाक मुरडले जाणारे जिन्नस पोषणात पाकिटातील पदार्थांच्या कितीतरी पुढे आहेत. पोषणासाठी पैसा लागतो हे खरे, पण तो पुष्कळ घरांत या ना त्या वाटेने खर्च होतच असतो.

व्याज आणि औषध

घरखर्चाच्या वहीत 'व्याज' हे सदर बहुधा नसते. हप्त्याच्या आकड्यात ते मिसळून गेलेले असते. दरमहा शेकडा दहाने दहा हजार रुपये काढले तर महिन्याला एक हजार व वर्षाला बारा हजार व्याज जाते, आणि मुद्दल जागच्या जागी राहते. बचत गटातून शेकडा दोनने तेवढीच रक्कम घेतली तर वर्षाचे व्याज फार तर चोवीसशे. तेही गटाच्याच पेटीत, म्हणजे आपल्याच सभासदांत राहते. शहरी नोकरदार सावकाराकडे जात नाही, पण क्रेडिट कार्डाच्या बिलावरील 'किमान देय रक्कम' तेवढी भरून निश्चिंत होतो. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के होतात, हे त्याच्या ध्यानी येत नाही. वर सांगितलेल्या उपायांतून पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे काही उरेल त्यातून सर्वांत महाग व्याजाचे देणे प्रथम फेडावे. याहून अधिक परतावा देणारी गुंतवणूक सामान्य माणसाला सहसा सापडणार नाही.

औषधांचा खर्च टाळता येत नाही, परंतु पुष्कळदा तो कमी करता येतो. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या विकारांत वर्षानुवर्षे रोज गोळ्या घ्याव्या लागतात. तेच मूळ औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी व किमतींनी विकतात. २००८ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत ही औषधे मूळ नावाने मिळतात व पुष्कळदा निम्म्याहूनही कमी किमतीत पडतात. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी, त्यांना विचारूनच बदल करावा. परस्पर गोळी बदलू नये, आणि पैसे वाचविण्यासाठी मात्रा कमी करून तर मुळीच घेऊ नये. दिवसाआड गोळी घेणारे वृद्ध घरोघरी आहेत. मुलांना खर्च नको म्हणून ते हे मुकाट्याने करतात. घरातील कर्त्या माणसाने महिन्यातून एकदा गोळ्यांची पाकिटे स्वतः मोजून पाहावीत.

देणी फिटल्यावर शिल्लक राहू लागली की ती घरात ठेवू नये. घरातली शिल्लक सणासुदीला हमखास संपते. डाकघरात दरमहा किमान शंभर रुपयांपासून आवर्ती ठेवीचे खाते उघडता येते. त्याची मुदत पाच वर्षांची असून अडचण आल्यास तीन वर्षांनंतर ते मुदतीपूर्वी बंद करता येते. खाते गृहिणीच्या नावे उघडावे. गॅस, वीज आणि बाजार या तिन्ही ठिकाणची बचत मुख्यतः तिच्या हातून होते, आणि ती किती झाली याचा आकडा तिच्याच पासबुकात दिसावा हे उचित होईल.